खिडकीपाशी नो, दाराशी अझ्यूम

सरांच्या क्लासात बसायला खुर्च्या होत्या, पण बोलायचं असेल तर उठून कोपऱ्यात जावं लागे. कुठल्या कोपऱ्यात, ते तुम्ही काय बोलणार यावर ठरायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तपासलेलं, हात लावून बघितलेलं काही सांगायचं असेल तर खिडकीपाशी. तो 'नो'चा कोपरा, म्हणजे माहीत असण्याचा. मनापासून पटलेलं पण कुणाला दाखवता न येणारं सांगायचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरखाली, तो 'बिलीव्ह'चा. 'डाऊट' असेल तर माठापाशी, कारण शंका आली की घसा कोरडा पडतो असं सरांचं म्हणणं. आणि नुसतंच धरून चालला असाल, पाहिलंही नाही आणि विचारलंही नाही, तर थेट दाराशी. तो 'अझ्यूम'चा कोपरा. "दाराशी का, सर?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. सर म्हणाले, "चुकीचं निघालं तर पळायला बरं पडतं."

ही खोली डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर होती. खाली जातं सुरू झालं की आमच्या खुर्च्या थरथरायच्या आणि क्लास सुटेपर्यंत सगळ्यांच्या केसांवर पांढरी पावडर जमायची. आम्ही दहा-बाराजण. सगळ्यात लहान मी, सत्तावीस वर्षांची. सगळ्यात मोठे कांबळेकाका, पोस्टातून रिटायर झालेले. एक वाक्य बोलायला उठायचं, कोपरा गाठायचा, बोलायचं, कुणी "कशावरून?" विचारलं की बहुधा कोपरा बदलायचा. "इंग्रजीचं काय झालं ते देव जाणे, पण माझे गुडघे मोकळे झाले," असं कदमकाकू म्हणायच्या, आणि सर लगेच बोट उगारायचे, "देव जाणे म्हणालात! कॅलेंडरखाली जा!"

मी तिथे गेले ती बोर्ड वाचून. गिरणीच्या जिन्यावर पत्र्याचा बोर्ड होता: 'येथे इंग्रजी शिकवले जाते. फक्त चाळीस शब्द. बाकीचे डिक्शनरीत आहेत.' मला त्या वेळी इंग्रजीची नड होती आणि वेळ थोडा होता. चाळीसच शब्द म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मला वाटलं असतील टेबल, खुर्ची, गुड मॉर्निंग. निघाले ट्रुथ, फॅक्ट, ओपिनियन, एव्हिडन्स, डॉग्मा, स्केप्टिक, गलिबल, सर्टन असले. सगळे खऱ्या-खोट्याचे आणि विश्वासाचे. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा आईने विचारलं, "काय शिकवलं गं?" मी म्हटलं, "चार कोपरे." आई म्हणाली, "एवढ्यासाठी क्लास कशाला, घरात नाहीत का?"

सर ठाण्याच्या कोर्टात टायपिस्ट होते. बत्तीस वर्षं त्यांनी साक्षी टाईप केल्या. "साक्षीदार शपथ घ्यायचा आणि सांगायचा, मला माहीत आहे," सर सांगत, आणि सांगताना टेबलावर बोटं टाईप केल्यासारखी नाचवत. "वकिलाने एक प्रश्न विचारला की त्याचं व्हायचं, मला वाटतं. दुसरा विचारला की व्हायचं, लोक म्हणतात. मी तिन्ही टाईप करायचो! एकाच माणसाची तीन वाक्यं, पाच मिनिटांत! तो माणूस खोटारडा नसायचा हो. आपण कुठे उभे आहोत हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं." रिटायर झाल्यावर त्यांनी ते शिकवायला घेतलं.

"मग मराठीत शिकवा की," कांबळेकाका एकदा म्हणाले, "इंग्रजीची भानगड कशाला?"

"मराठीत आपण फार जोरात पळतो, कांबळे. कुठून कुठे आलो ते कळत नाही. परक्या भाषेत माणूस प्रत्येक पाऊल बघून टाकतो. मला तुमचं पाऊल बघायचंय."

सर अंगाने काटकुळे, पँट पोटाच्या बरीच वर, शर्टाच्या खिशात पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. आवाज मात्र अंगाच्या मानाने दुप्पट. उत्साह तर विचारू नका. कुणी बरं वाक्य बोललं की त्यांना खुर्चीत बसवेना. "आहाहा! काय वाक्य आहे!" असं ओरडून ते खिडकी उघडायचे आणि खाली गिरणीवाल्याला ते ऐकवायचे. "ऐकलंत का? बाई म्हणतात, माझा नवरा प्रामाणिक आहे असं मी बिलीव्ह करते, नो करत नाही!" गिरणीच्या आवाजात त्या बिचाऱ्याला काही ऐकू यायचं नाही. तो वर बघून "हो सर, बारीक दळतो" म्हणायचा. सरांना तेवढं पुरायचं.

दर महिन्याला प्रत्येकाला एक शब्द सांभाळायला मिळायचा. चिठ्ठीवर लिहून, दोन्ही हातांनी, लग्नाची पत्रिका द्यावी तसा. महिनाभर तो शब्द तुमचा. तो कुठे दिसला, कुणी चुकीचा वापरला, कुणी न बोलता जगला, सगळं येऊन सांगायचं. कदमकाकू व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक औषधाचा मेसेज अख्ख्या नात्यात पाठवायच्या, त्यांना सरांनी 'गलिबल' दिला, म्हणजे कशावरही चटकन विश्वास ठेवणारा. काकू दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "सर, काल मी एक मेसेज पाठवला नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. कांबळेकाकांना 'स्केप्टिक' मिळाला. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि हसत परत केली. "हा आमच्या घरातलाच आहे, सर. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, हे आमच्या आईने आम्हाला बुद्धवंदनेबरोबर शिकवलंय. मला दुसरा द्या, अवघड." सरांनी त्यांना 'ट्रस्ट' दिला. काका त्या महिन्यात खरंच घायकुतीला आले.

मला मिळाला 'अझ्यूम'. धरून चालणं.

सर क्लासाबाहेरही असेच. कोपऱ्यावरच्या आंबेवाल्याचा आणि त्यांचा संवाद मी स्वतः ऐकलाय, म्हणजे खिडकीपाशी उभी राहून सांगते. आंबेवाला म्हणाला, "देवगड हापूस, साहेब. गॅरंटी."

"तुम्ही देवगडला गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? वाशीवरून उचलले."

"वाशीत तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेटीवर लिहिलंय ना."

"म्हणजे तुमचा पेटीवर विश्वास आहे. आंब्याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही."

आंबेवाल्याने कपाळावर हात मारला. "साहेब, आंबे घेताय की माझी साक्ष?" सर इतके खूश झाले की दोन डझन घेऊन गेले. पुढचे आठ दिवस तो माणूस त्यांना लांबून बघितलं की मुद्दाम ओरडायचा, "या! पेटीवर देवगड लिहिलेले हापूस!" आंबे आंबट निघाले होते. सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांचं लोणचं घातलं आणि सगळ्या क्लासाला वाटलं. या काकू एक अक्षर इंग्रजी बोलत नसत. चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहत आणि म्हणत, "मला एवढंच माहितीये की चहा गार होतोय." सर म्हणायचे, "बघा! हिला बरोबर कळतं काय सांगावं आणि काय सांगू नये."

तुम्हाला वाटेल माणूस नास्तिक असेल, देवाधर्माला हसत असेल. मलाही वाटायचं. त्या वर्षी नवरात्रात आम्ही सगळे ठाण्याला टेंभी नाक्यावरची देवी बघायला गेलो. ही गर्दी! रांगेत कुणीतरी मोठ्याने सांगत होतं की ही देवी नवसाला पावते. कांबळेकाका संधीच शोधत होते. ते आले होते आमच्या सोबतीला. त्यांनी सरांच्या कानाशी जाऊन विचारलं, "सर, आता बोला. नो की बिलीव्ह?" आम्ही सगळे कान टवकारून. सरांनी चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले, आणि आमची पाळी संपेपर्यंत उघडलेच नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बिलीव्ह हा काही नो-चा गरीब भाऊ नाही, कांबळे. तो वेगळ्या घरात राहतो, त्याचं त्याला भागतं. एकाच्या घरात राहायचं आणि दारावर पाटी दुसऱ्याची लावायची, एवढं मात्र करायचं नाही." मग आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला आणि रसाच्या गाडीपाशी परत एकदा याच विषयावर भांडलो. असं भांडण मला जन्मात कधी इतकं आवडलं नव्हतं.

आता माझी नड काय होती ते सांगते. मी मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते, तीन वर्षं, कॉन्ट्रॅक्टवर. आई पहाटे चारला उठून बावीस डबे करायची. बाबा गेल्यापासून तेच चाललंय. तिचे गुडघे गेलेले, पोळ्या लाटताना एका पायावर भार टाकून उभी राहायची. माझा एकच पण होता, मी कायम झाले की डबे बंद. दर वर्षी आमचे मॅनेजर पाटणकरसाहेब म्हणायचे, "ऑडिट झालं की तुझं पत्र काढतो." दर वर्षी मी घरी येऊन सांगायचे, "आई, या वेळी नक्की." तीनदा सांगून झालं होतं. तिसऱ्या वेळी आई नुसती हो म्हणाली आणि कणीक भिजवत राहिली. या वर्षी परदेशी ग्राहकाकडून एक बाई तपासणीला येणार होत्या, लॅबच्या लोकांशी इंग्रजीत बोलणार होत्या, आणि साहेबांनी बजावलं होतं, "तुझं पत्र या बाईंच्या हातात आहे असं समज." म्हणून तर मी चाळीस शब्दांना गेले.

सोमवारी बाई आल्या. केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा शांत. कॉन्फरन्स रूममध्ये लांब टेबल. एका बाजूला बाई, एका बाजूला पाटणकरसाहेब, मध्ये मी. त्यांच्याकडे जाणारा बारा ड्रम माल गोडाऊनमध्ये तयार होता. बाराही ड्रमांतला ओलावा तपासलाय असं रजिस्टर सांगत होतं. तपासणी माझ्याबरोबरच्या प्रमोदने केलेली, दुसऱ्या शिफ्टला, आणि खाली 'तपासले' म्हणून सही माझी. माझी सही म्हणजे मी आकडे नीट लिहिलेत का ते बघितलेलं. ड्रम मी बघितले नव्हते. आमच्याकडे असंच चालायचं, आणि कुणाला त्यात काही वाटत नसे.

बाईंनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं की बाराही ड्रम तपासले गेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? डू यू नो?

साहेबांनी माझ्याकडून उत्तर आठ दिवस पाठ करून घेतलं होतं. येस मॅडम, आय नो. तोंड उघडलं आणि माझ्या पायांनी घात केला! पाच महिन्यांची सवय. मी उठले. खुर्ची मागे सरकवली, साहेबांच्या पाठीमागून गेले आणि थेट दाराशी, आग विझवायच्या लाल नळकांड्यापाशी जाऊन उभी राहिले.

"व्हेअर आर यू गोइंग?" बाई दचकून म्हणाल्या.

"टू द डोअर, मॅडम," मी म्हटलं. "आय अझ्यूम."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. बाईंनी चष्मा काढला. दाराशी का, असं त्यांनी विचारलं, आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार कोपरे सांगितले. खिडकी, कॅलेंडर, माठ, दार. चाळीस शब्द होते, पुरले! त्या खोलीत कॅलेंडर नव्हतं, मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, मी म्हटलं तो चालेल. माठाऐवजी पाण्याचा कूलर. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, ओव्हनचं तापमान रोज बघता? मी धावत खिडकीशी. "आय नो! मी रोज सकाळी स्वतः बघते, स्वतः लिहिते!" प्रमोद चांगला केमिस्ट आहे? मी फोटोखाली. "आय बिलीव्ह, मॅडम." गोडाऊनचं कुलूप रात्री लावलं जातं? परत दाराशी. असे पंधरा-वीस प्रश्न झाले. मी त्या खोलीत खेळल्यासारखी पळत होते, घाम आलेला, आणि खरं सांगते, मला भीतीऐवजी मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीत बोलत होते आणि एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. शेवटी बाई स्वतः उठल्या. रजिस्टर हातात घेऊन कूलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अँड आय अ‍ॅम हिअर."

प्रमोदला बोलावलं. त्याने खाली मान घालून सांगितलं की तीन ड्रम उघडले, उरलेल्या नऊंचे आकडे त्यावरून लिहिले. "एकाच बॅचचा माल आहे, बाराही चांगलेच आहेत," साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "आय नो धिस!" बाईंनी शांतपणे सांगितलं की उद्या बाराही ड्रम त्यांच्यासमोर उघडायचे, तोवर माल हलणार नाही.

त्या गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुला नाचायला कुणी सांगितलेलं तिथे? साधं हो म्हणता येत नव्हतं? उद्यापासून येऊ नकोस. काय ते फोन करून कळवतो."

मंगळवारी मी आईला काही बोलले नाही. नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघाले आणि बागेत जाऊन बसले. दुपारी प्रमोदचा फोन आला. "बाराही पास झालेत गं. साहेब पेढे वाटतायत. म्हणतायत, मी बोललेलो ना." मी डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला. बाराही चांगले! साहेबांचं खरं होतं. मी तीन वर्षांची नोकरी घालवली, आईच्या गुडघ्यांसाठी केलेला पण मोडला, तो कशासाठी? चांगल्या मालावर शंका घेण्यासाठी. मला सरांचा एवढा राग आला की सात वाजायची वाट बघवेना.

क्लासात जाऊन मी सगळं एका दमात सांगितलं. सरांचा चेहरा उजळत गेला. उजळत गेला! ते उभे राहिले, खोलीभर फिरायला लागले. "म्हणजे तुझा साहेब खरं बोलला! आणि त्याला माहीत नव्हतं! आहाहा! माणूस म्हणतो बाराही चांगले, आणि बाराही चांगले निघतात, तरी त्याला माहीत नव्हतं! सांगा, या माणसाला कुठे उभं करायचं? खिडकीपाशी? पण त्याने पाहिलं नाही. दाराशी? पण तो चुकला नाही! बत्तीस वर्षांत असा साक्षीदार मिळाला नाही मला!" कदमकाकू म्हणाल्या दाराशी, कुणी म्हणालं फोटोखाली, म्हणजे कॅलेंडरखाली. एकच गिल्ला झाला. सर खिडकी उघडून गिरणीवाल्याला हाक मारायला निघाले.

"सर!" मी ओरडले. मी सरांवर कधी ओरडले नव्हते. "माझी नोकरी गेली, आणि तुम्हाला शब्द सुचतायत? तुमच्या कोपऱ्यांपायी गेली. माझी आई पहाटे चारला उठते. तिला मी काय सांगू? साहेबाला कुठे उभं करायचं ते?"

 सरांनी खिडकी परत लावली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. मी शब्दात रमलो आणि तू राहिलीस बाजूला." मग हळूच विचारलं, "नोकरी गेली असं साहेब म्हणाले?"

"उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. फोन करतो म्हणाले."

"म्हणजे गेलीय हे तुला माहीत नाही. राहिलीय हेही माहीत नाही."

"नाही."

"मग तू माठापाशी आहेस, पोरी. फार वाईट जागा आहे ती. तिथे एकट्याने उभं राहू नये." त्यांनी माझा हात धरला आणि मला माठापाशी नेलं, आणि स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले. कांबळेकाका आले. कदमकाकू आल्या, त्यांनी माझ्या केसांवरचं पीठ झटकलं. एकेक करत अख्खा क्लास त्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभा राहिला, काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या त्याही तिथेच.  मी मनसोक्त रडले. त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.

गुरुवारी सकाळी कंपनीतून फोन आला, येऊन भेट म्हणून, आणि मी गेले. साहेबांनी माझ्याकडे न बघता एक पाकीट टेबलावर ठेवलं. "त्या बाईंनी अट घातलीय. त्यांच्या मालाच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर तुझी सही पाहिजे. म्हणतात, स्वतःला काय माहीत नाही हे जी सांगते, तिचीच सही मला चालेल. आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याची सही चालत नाही." पाकिटात माझं पत्र होतं. कायम. मी ते तिथेच तीनदा वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन चौथ्यांदा.

घरी फोन करायला हात शिवशिवत होता. पण तीनदा नक्की म्हणून सांगितलेली मी. चौथ्यांदाही ती नुसती हो म्हणाली असती तर मला सहन झालं नसतं. संध्याकाळी पत्र घेऊन पळत गिरणीचा जिना चढले. सरांनी पत्र वाचलं, उलटं करून बघितलं, उजेडात धरलं.  मग म्हणाले, "पेटीवर लिहिलंय ते कळलं. आता आंबा बघू." आणि पत्रावरचा नंबर फिरवून फोन स्पीकरवर ठेवला. "सर, नको!" मी म्हटलं, पण तोवर पाटणकरसाहेब बोलले होते. ते आठशिवाय ऑफिसातून निघत नाहीत.

सरांनी आपली ओळख सांगितली. पत्र खरं आहे का, सही आपलीच का, या मुलीची नोकरी आजपासून कायम आहे का, सगळं एकेक करून विचारलं. साहेब प्रत्येक वेळी हो म्हणाले. मग सर म्हणाले, "आणखी एक. ते बारा ड्रम चांगलेच होते. तुमचं खरं होतं. त्याबद्दल अभिनंदन."

  मग साहेबांचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, केबिनमधला नव्हे. "सर, एक विचारू? माझं खरं होतं ना? बाराही पास झाले, सगळ्यांसमोर. मग सोमवारी रात्रभर मला झोप का नाही लागली?"

 कांबळेकाकांनी हळूच मान डोलावली.

"मंगळवार, गुरुवार," सर म्हणाले. "संध्याकाळी सात. गिरणीच्या वर."

फोन ठेवून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मला दंडाला धरून खिडकीपाशी उभं केलं. "आता कर घरी."

मी नंबर लावला. आईने उचलला, मागे फोडणीचा आवाज. मी म्हटलं, "आई, मी कायम झाले." पलीकडे ती नुसती हो म्हणाली, अगदी तशीच. "नाही गं आई, ऐक. या वेळी मला वाटत नाहीये. मला माहितीये. पत्र हातात आहे, साहेबांशी बोलणं झालंय, दहा माणसांनी ऐकलंय. उद्या चारला उठायचं नाही."

फोडणी तडतडत राहिली. मग आईचा आवाज आला, "थांब जरा. आधी गॅस बंद करते."